पडायला हवी होती ती दुकानं

कंपनीत तिला सगळे थांबाताई म्हणत. तोंडावर ‘मॅडम’, पाठ वळली की थांबाताई. धंद्यातली एखादी नामी कल्पना सुचलेला माणूस दोन-दोन पायऱ्या टाकत जिना चढायचा, तिच्या दारात उभा राहून धापा टाकत सांगायला लागायचा, आणि त्याचं वाक्य अर्ध्यावर असतानाच ती म्हणायची, ‘‘थांबा. हे कशावरून कळलं तुम्हाला?’’

आता कशावरून कळलं, असं विचारल्यावर धंदेवाल्या माणसाचं तोंड कसं होतं, ते बघण्यासारखं असतं. जणू कुणी भर बाजारात त्याच्या बापाचं नाव विचारलं.

धंदा जोड्यांचा होता. शहरभर चोवीस दुकानं, मधोमध एक गोदाम, आणि सगळ्यात जुन्या दुकानाच्या माडीवर कार्यालय. थांबाताईची खोली म्हणजे पूर्वी फुटके जोडे ठेवायची जागा. फुटके म्हणजे ज्यांचा जोडीदार हरवला ते. ती आली तेव्हा खोली रिकामी केली म्हणे, पण वरच्या फळीवर अजून डाव्या पायाचे आठ-दहा बूट धूळ खात बसलेले होते. खोलीला रबराचा आणि गोंदाचा वास होता. तो तिच्या केसांना लागायचा आणि घरापर्यंत यायचा.

शिकलेली ती संख्याशास्त्र. आधी एका कॉलेजात तात्पुरत्या नेमणुकीवर शिकवायची. ती नेमणूक दर उन्हाळ्यात संपायची आणि दर पावसाळ्यात पुन्हा व्हायची. एका साली झालीच नाही. मग ती इथे आली. नवरा जहाजावर, वर्षातले जेमतेम तीन महिने घरी. घरात सासूबाई आणि धाकटा दीर. सासूबाईंना सुनेची नोकरी कधी नीट कळली नाही. शेजारणीनं विचारलं की सांगायच्या, ‘‘मोजायला जाते. जोडे मोजायला.’’

मोजायची ती, पण जोडे नव्हे. एका दुकानदारानं दुकानात गाणी लावायला सुरुवात केली आणि त्या आठवड्यात विक्री वाढली. तो उड्या मारत माडीवर. सगळ्या दुकानांत गाणी लावा! थांबाताईनं त्याच रस्त्यावरच्या आपल्या दुसऱ्या दुकानाचा आकडा काढला. तिथे गाणी नव्हती, तरी विक्री तेवढीच वाढलेली. समोरच्या मोठ्या दुकानात दुरुस्ती चालू होती, म्हणून त्याची गिऱ्हाइकं इकडे वळली होती. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ. पण कावळ्याला हे सांगितलं तर तो रागावणारच. तो दुकानदार पुढे वर्षभर तिच्याशी बोलला नाही. गाणी मात्र चालू ठेवली त्यानं.

असं तिचं आयुष्य. खरं काय ते शोधायला पगार मिळायचा आणि शोधलं की शिव्या मिळायच्या. शिव्यांचं तिला काही वाटत नसे. राग यायचा तो दुसऱ्याच गोष्टीचा. मालक सगळं नीट ऐकून घ्यायचे, मान डोलवायचे, चहा मागवायचे आणि मग मनात आधी ठरलेलं असायचं तेच करायचे.

गेल्या साली मालकांच्या मनात पायवाले आले.

पायवाले म्हणजे दुकानात गिऱ्हाइकाच्या पायाशी बसणारी माणसं. काउंटरवरचा माणूस खोकी काढून देतो; पायवाला छोट्या स्टुलावर बसतो, पाय पट्टीवर ठेवून मोजतो, अंगठ्यापुढे बोट दाबून बघतो, ‘‘दोन पावलं चाला बरं’’ म्हणतो. प्रत्येक दुकानात एक, मोठ्या दुकानात दोन. मालकांना वाटायला लागलं, ही माणसं हवीत कशाला? लोक आता आपापले जोडे आपण घालून बघतात.

‘‘मॅडम, तुमचं ते रिग्रेशनचं गणित लावा,’’ मालक म्हणाले. ‘‘पायवाल्यांनी विक्री वाढते का, एकदा निकाल लावून टाका.’’

तिनं लावलं. नुसतं बघितलं तर जिथे पायवाले जास्त, तिथे विक्री जास्त. पण मोठं दुकान हमरस्त्यावर असतं, तिथे गिऱ्हाईक जास्त, आणि गिऱ्हाईक जास्त म्हणूनच तिथे दोन पायवाले दिलेले. दुकानाचा आकार आणि रस्त्याची वर्दळ हिशेबात धरली की पायवाल्यांच्या वाट्याला फारसं काही उरत नव्हतं.

‘‘बघा!’’ मालकांनी टेबलावर थाप मारली. ‘‘काही उरत नाही!’’

‘‘थांबा. काही उरत नाही याचा अर्थ उपयोग नाही असा नाही. याचा अर्थ या आकड्यांवरून कळत नाही, एवढाच. सगळ्या दुकानांत पायवाले आहेतच. जिच्यात मीठच घातलं नाही अशी भाजी आपण चाखलेलीच नाही. मग मिठानं काय होतं, कसं सांगू?’’

‘‘मग काय करायचं?’’

‘‘अर्ध्या दुकानांतून मीठ काढून बघायचं. पण कुठल्या, ते तुम्ही नाही ठरवायचं, मी नाही ठरवायचं. चिठ्ठ्या टाकायच्या.’’

मालकांना चिठ्ठ्यांची कल्पना आवडली. त्यात जुगाराची मजा होती. शाळा उघडायच्या आधीचा विक्रीचा हंगाम तोंडावर होता. चोवीस दुकानदारांना माडीवर बोलावलं, एका रिकाम्या खोक्यात चिठ्ठ्या टाकल्या. ज्या बारा दुकानांचं नाव निघेल तिथले पायवाले हंगामभर गोदामात, त्याच पगारावर, खोकी बांधायला.

थांबाताईनं उभं राहून समजावलं. ‘‘यात कुणी पास नाही, कुणी नापास नाही. विक्री पडली तर पडू द्या. ती पडते का, तेच बघायचंय. कुणावर ठपका येणार नाही.’’

सगळ्यांनी माना डोलवल्या. दवाखान्यासमोरच्या दुकानाची चिठ्ठी निघाली, तेव्हा तिथला दुकानदार तेवढा उठून उभा राहिला. हे मालकांचे सख्खे मामा, म्हणून सगळ्यांचेच मामा. धोतराच्या सोग्यासारखा आवाज लांबवत ते म्हणाले, ‘‘चाळीस वर्षं दुकान चालवतोय. आता माझी किंमत चिठ्ठीवर?’’

‘‘मामा, किंमत नाही हो. सगळ्यांना सारखी संधी.’’

‘‘सारखी संधी गाढवांना देतात, पोरी. घोड्याला ओळखून घेतात.’’

लोक हसले. थांबाताईपण हसली. पण तिला वेगळीच काळजी लागली होती. मामांच्या दुकानातला पायवाला म्हणजे तिचा धाकटा दीर.

हा दीर म्हणजे घरातलं अडलेलं घोडं होतं. चौदा धंदे करून झालेले. छपाई, पंखे दुरुस्ती, कुणाच्या तरी भागीदारीत कोंबड्या. शेवटी थांबाताईनंच मामांना गळ घातली आणि त्यांनी त्याला स्टुलावर बसवलं. तिथे तो रुजला. पाय बघून बोलायची त्याला कला होती. म्हाताऱ्या बायकांना म्हणायचा, ‘‘आजी, तुमच्या पायाला लग्नातला जोडा पण असा बसला नसेल!’’ आणि म्हातारी दोन जोड घेऊन जायची. पायवाले गेले तर तो पुन्हा कोंबड्यांकडे. हे तिला ठाऊक होतं, सासूबाईंना ठाऊक होतं, आणि चिठ्ठीच्या खोक्यात हात घालताना तिनं स्वतःला बजावलं होतं, की प्रयोग नीट होऊ दे, मग काय होईल ते होवो. मनातून तिची खात्री होती, पायवाले काढले की विक्री पडणार. आपल्या खात्रीला विचारायचं नाही, ही तर तिची शिकवण. पण खात्री होती.

हंगाम संपला. आकडे आले.

विक्री पडली नाही.

पायवाले असलेली बारा आणि नसलेली बारा, सारखीच. जो काय तीळभर फरक होता, तो नुसत्या योगायोगानंही पडला असता. तिनं उलटसुलट करून बघितलं. मोठी दुकानं वेगळी, छोटी वेगळी. काही नाही. मालक दारात येऊन उभे राहिले. ‘‘काय मॅडम? मीठ नसलं तरी भाजी लागली ना गोड?’’

‘‘थांबा.’’

‘‘अहो, तुमचाच प्रयोग, तुमच्याच चिठ्ठ्या!’’

‘‘दोन दिवस द्या.’’

तिला एक गोष्ट खुपत होती. मापात न बसल्यामुळे परत येणारे जोडे. पायवाला नसला तर लोक चुकीचं माप नेणार आणि चार दिवसांनी परत आणणार. विक्री एक वेळ पडणार नाही, पण हे वाढायलाच हवं. तेही वाढलं नव्हतं. जणू काही बारा दुकानांतल्या सगळ्या गिऱ्हाइकांना हंगामापुरती आपापल्या पायांची मापं पाठ झाली होती.

संध्याकाळी जेवताना ती स्वतःशी बोलल्यासारखं बोलून गेली. ‘‘परत आलेले जोडेसुद्धा वाढले नाहीत. हे कसं शक्य आहे?’’

दिरानं घास तोंडात असतानाच छाती फुगवली. ‘‘वाढतील कसे, वहिनी? आम्ही काय मेलो होतो?’’

‘‘म्हणजे?’’

‘‘म्हणजे काय? दुपारची सुट्टी झाली की मी गोदामाच्या मागच्या दारानं मामांच्या दुकानात. डबा तिथेच खायचो, एक पाय मोजायचा, एक घास घ्यायचा. संध्याकाळी गोदाम सुटलं की परत तिथे.’’

‘‘भावोजी...’’

‘‘मी एकटा नाही हो! सगळेच. प्रत्येक जण आपापल्या दुकानात. दुकानदार चहा पाजायचे, आणि आम्ही नसलो की काउंटरवरची माणसं गुडघे टेकून बसायची. एकाही दुकानाचा आकडा पडू दिला नाही आम्ही. तुम्ही प्रयोग केला आणि तो बुडाला असं कुणी म्हणायला नको. घरची इज्जत आहे ती.’’

थांबाताईचा हात ताटातच राहिला. ‘‘अहो, दुकान पडायला हवं होतं!’’

‘‘पडायला?’’

‘‘पडायला! तुम्ही गेलात की दुकान पडतं, हे दिसायला हवं होतं! तेवढ्यासाठीच तर सगळं केलं!’’

दिरानं आईकडे बघितलं. सासूबाईंनी त्याच्याकडे बघितलं. मग तो हळूच म्हणाला, ‘‘वहिनी, शिकलेल्या आहात म्हणून बोलत नाही. पण आपलं दुकान कुणी आपल्या हातानं पाडतं का?’’

‘‘मी सांगितलं होतं ना, कुणावर ठपका नाही म्हणून?’’

‘‘ते सांगतात हो. शाळेत पण मास्तर सांगायचे, खरं सांगा, मारणार नाही.’’

सासूबाई भात वाढत म्हणाल्या, ‘‘आणि मारायचेच.’’

तिला रडावं की हसावं कळेना. बारा दुकानांच्या पायवाल्यांनी डबा अर्धा टाकून, घाम गाळून, चोरून-लपून अगदी चोख सिद्ध करून दाखवलं होतं, की आपली कुणाला गरज नाही. शत्रूनं केलं नसतं एवढं नेटकं काम.

‘‘आता मला मालकांना सांगावं लागेल,’’ ती म्हणाली. ‘‘हे सांगितलं नाही तर सगळ्याच पायवाल्यांना काढतील. आणि सांगायचं तर तुमचं नाव घ्यावं लागेल. हुकूम मोडून गोदाम सोडलंत, ते तुमच्यावर शेकेल.’’

‘‘घ्या की नाव. चोरी केली का मी?’’

‘‘घरातलं गाऱ्हाणं मालकाच्या दारात नेऊ नकोस हो,’’ सासूबाई म्हणाल्या. ‘‘उद्या तेच म्हणतील, दिरासाठी रचलं सगळं.’’

संख्याशास्त्र न शिकलेल्या बाईचा अंदाज, पण नेमका खरा ठरला.

मालकांनी ऐकून घेतलं. चहा मागवला. मग बाराच्या बारा दुकानदारांना बोलावून विचारलं. पहिला म्हणाला, आमच्याकडे कुणी आलं नाही, पण चौकातल्या दुकानात यायचे असं ऐकलं. चौकातला म्हणाला, आमच्याकडे नाही हो, पुलाकडच्या दुकानात विचारा. असा चेंडू बारा जणांत फिरला आणि मामांपाशी येऊन थांबला. मामा तर पेटलेच.

‘‘माझ्या दुकानात? माझ्या परवानगीशिवाय माशी बसत नाही! चाळीस वर्षांत या मामानं भाच्याचा शब्द मोडला नाही. आता म्हातारपणी मोडेन? एकही पायवाला आला नाही. ही काळ्या दगडावरची रेघ समजा.’’

‘‘मामा, माझा दीर स्वतः सांगतोय...’’

‘‘दीर तुझा आहे, पोरी. मी काय बोलू?’’

दुकानदार गेले. मालक पेपरवेट फिरवत बसले. ‘‘मॅडम, राग मानू नका. तुमच्या घरचा माणूस आहे. तुम्हाला वाटणारच.’’

तिचे कान तापले. तीन वर्षांत तिनं या माणसाला त्याच्या स्वतःच्या वाटण्यावर विसंबू नका म्हणून सांगितलं होतं. ते त्याला कधी पटलं नाही. आज तिच्या वाटण्याची गोष्ट निघाली आणि लगेच पटलं.

‘‘पुन्हा करू,’’ ती म्हणाली. ‘‘पुढच्या हंगामात. पायवाल्यांना गोदामात नका ठेवू, दुसऱ्याच टोकाच्या दुकानांत पाठवा, म्हणजे जाता येणार नाही.’’

‘‘मी दुकानं चालवतो, प्रयोगशाळा नाही. आणि समजा, तुम्ही म्हणता ते खरं. काउंटरवरच्यांनी गुडघे टेकले, काम भागलं. मग पायवाल्यांशिवाय दुकान चालतं, हेच सिद्ध झालं की नाही? कसं का चालेना!’’

हा मुद्दा अगदीच फुसका नव्हता, आणि म्हणूनच ती जास्त वैतागली. मालक जेव्हा निव्वळ मूर्खपणा करत, तेव्हा तिला सोपं जायचं. ‘‘काउंटरवरच्यांनी केलं तेवढं उद्याही करतील, कबूल. पण दुपारी आणि संध्याकाळी जे धावत आले, ते उद्या घरी बसलेले असतील. ते धावणार नाहीत. कुणी किती केलं, हे मला आता वेगळं काढता येत नाही. पिठात मीठ आणि साखर कालवून तुम्ही विचारताय, यातलं मीठ किती?’’

मालकांनी बराच वेळ पेपरवेट फिरवलं. मग त्यांचा चेहरा उजळला. हा उजेड तिच्या ओळखीचा होता, आणि तो कधीच चांगल्यासाठी पडलेला नव्हता.

‘‘सोपं आहे. ज्या दुकानदाराला पायवाला हवा, त्यानं लिहून द्यावं. माझं त्याच्यावाचून चालत नाही, हंगामातसुद्धा मी त्याला बोलावत होतो, असं. त्याचा पायवाला राहील. जो लिहून देणार नाही, त्याचा जाईल.’’

‘‘मालक, थांबा. असं विचारल्यावर कोण नाही म्हणेल?’’

नाही कोण म्हणणार! दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टेबलावर कागदांचा ढीग. काल ज्यांच्याकडे कुणी फिरकलंच नव्हतं, त्यांच्याकडे आज पायवाले पहाटेपासून येत होते. पुलाकडच्या दुकानदारानं लिहिलं होतं, की त्याचा पायवाला रात्री दुकानात निजायचासुद्धा. आणि ज्या बारा दुकानांतून पायवाले हललेच नव्हते, त्यांनीही लिहून दिलं, की आम्ही त्यांना गोदामातून बोलावत होतो. गाणी लावणाऱ्या दुकानदारानं दोन पायवाले मागितले.

काल सगळे खोटं बोलून नाही म्हणाले होते. आज सगळे हो म्हणत होते, त्यातलं खरं कोण आणि खोटं कोण, हे आता ब्रह्मदेवालाही निवडता आलं नसतं. थांबाताई त्या ढिगासमोर बसली आणि तिला वाटलं, हा सगळा गठ्ठा उचलावा आणि वरच्या फळीवरच्या डाव्या बुटांत एकेक कोंबावा.

‘‘बघा,’’ मालक खूश होते. ‘‘सुटला प्रश्न. भांडण नाही, तंटा नाही.’’

‘‘सुटला नाही. बुडाला.’’

‘‘एकच कागद आला नाही तेवढा,’’ मालक म्हणाले. ‘‘मामांचा. त्यांचा पायवाला गेला मग. तुमचे दीर. वाईट वाटतं, पण नियम म्हणजे नियम.’’

चोवीस दुकानांच्या पायवाल्यांत ज्यानं रोज जात होतो असं आपल्या तोंडानं कबूल केलं होतं, तो एकटाच जाणार होता.

ती तशीच जिना उतरली आणि दवाखान्यासमोर गेली. दुपारची वेळ, दुकान जवळजवळ रिकामं. मामा काउंटरमागे बसून बुटाच्या नाडीला गाठी मारत होते. पायवाल्याचं स्टूल भिंतीला टेकवलेलं होतं.

‘‘मामा, कागद का नाही दिला?’’

‘‘काय लिहू? तो येत होता म्हणून?’’

‘‘येत होता ना?’’

मामांनी इकडेतिकडे बघितलं. ‘‘येत होता की. डबा माझ्याच टेबलावर खायचा. लोणचं माझंच संपवलं मेल्यानं.’’

‘‘मग लिहा ना तसं!’’

‘‘कसं लिहू? काल भाच्यासमोर बारा जणांत काय बोललो? काळ्या दगडावरची रेघ म्हणालो. आता तीच रेघ थुंकी लावून पुसू?’’

‘‘बाकीच्यांनी पुसली.’’

‘‘त्यांचं काय जातं? ते नोकर आहेत. मी मामा आहे.’’

‘‘आणि तुमच्या मामापणापायी त्याची नोकरी गेली तर?’’ तिचा आवाज चढला. समोरच्या बाकावर चपला बघत बसलेल्या बाईनं मान वर केली. ‘‘मामा, एवढ्या सगळ्या माणसांत खरं बोललेला तो एक. तुम्ही खोटं बोललात, ते खोटं टिकवायला त्याला बळी द्यायचा?’’

मामांनी नाडीची गाठ सोडली, पुन्हा मारली. मग म्हणाले, ‘‘ओरडू नकोस. मी काय राक्षस आहे? ऐक. माझा काउंटरवरचा माणूस पुढच्या महिन्यात गावी चाललाय, कायमचा. त्या जागेवर घेतो तुझ्या दिराला. काउंटरचा माणूस म्हणून. माणूस ठेवायचा अधिकार माझा आहे, त्याला भाच्याला विचारावं लागत नाही. पाय काय, तो मोजेलच. गप्प बसतोय थोडाच?’’

तिच्या खांद्यावरचं ओझं उतरलं, आणि दुसऱ्याच क्षणी दुसरं चढलं. ‘‘म्हणजे कागदावर तुमच्या दुकानात पायवाला नाही.’’

‘‘नाही.’’

‘‘आणि खरं बघितलं तर आहे.’’

‘‘तुला नोकरी हवीय की कागद हवाय?’’

‘‘मामा, अहो, पुढच्या वर्षी मालक आकडे काढणार. सगळीकडे पायवाले, एका तुमच्याकडे नाही, आणि तुमचं दुकान इतरांच्या बरोबरीनं चाललेलं. मग म्हणणार, बघा, मामांचं पायवाल्याशिवाय चालतं! आणि बाकीच्या सगळ्यांच्या पोटावर पाय.’’

‘‘पुढच्या वर्षाचं पुढच्या वर्षी. तोवर मी मरेन, नाहीतर भाचा हॉटेल काढेल.’’ मग बाकावरच्या बाईकडे वळून मामांनी आपला नेहमीचा लांबवलेला आवाज लावला, ‘‘या ताई, दाखवू का घालून?’’

घरी बातमी सांगितली तेव्हा दीर हरखला. ‘‘काउंटर? म्हणजे बढती झाली, वहिनी! शर्ट वेगळा असतो काउंटरला, खिशावर कंपनीचं नाव.’’

‘‘हो. असतो.’’

‘‘मग तोंड का असं? आई, बघ गं, बढती माझी आणि तोंड वहिनींचं उतरलंय.’’

‘‘नोकरी राहिली ना?’’ सासूबाई म्हणाल्या. ‘‘मग झालं. तुला प्रत्येक गोष्टीचं मूळ खणायची खोड आहे, सूनबाई. झाडाला फळ लागलं की खावं.’’

‘‘झाड कुणाचं ते नको विचारायला?’’

‘‘विचारून गोड लागतं का?’’

ती उठली. नळाखाली भांडी एवढी जोरात घासली, की दिरानं आतून ओरडून विचारलं, ‘‘वहिनी, त्या पातेल्यानं काय केलंय?’’

महिना सरला. दिरानं नवा शर्ट घातला, मामांच्या काउंटरमागे उभा राहिला, आणि पहिल्याच दिवशी काउंटर ओलांडून एका पोस्टमनच्या पायाशी बसला. हे तिनं रस्त्याच्या पलीकडून पाहिलं. पोस्टमन हसत होता.

त्यानंतर तिनं मालकांच्या खोलीचं दार वाजवलं. ते कसलीशी जाहिरात बघत होते.

‘‘पुढच्या वर्षीच्या आकड्यांत,’’ ती म्हणाली, ‘‘पायवाल्यांची तुलना करायची झाली तर मामांचं दुकान धरायचं नाही.’’

‘‘का बरं? उलट तेच बघायचंय मला. पायवाला नसलेलं तेवढं एकच आहे.’’

‘‘म्हणूनच. एका दुकानावरून काही ठरत नाही.’’

हे खरं होतं. पण कारण हे नव्हतं, आणि कारण दुसरंच असताना खरं बोलणं किती सोपं असतं, हे तिला पहिल्यांदाच कळत होतं. एवढ्यानं मालक ऐकणार नव्हते. ते मान तिरकी करून बघत राहिले.

‘‘आणखी काही कारण?’’

‘‘आहे. सांगता येत नाही.’’

‘‘तुम्हाला?’’ मालकांनी जाहिरात बाजूला ठेवली. ‘‘आजवर प्रत्येकाला कारण विचारून भंडावून सोडणाऱ्या तुम्ही, आणि म्हणता कारण सांगता येत नाही?’’

‘‘हो.’’

‘‘पण ते दुकान धरायचं नाही.’’

‘‘नाही धरायचं.’’

मालक हळूहळू हसायला लागले. ते हसू खुनशी नव्हतं, तसं असतं तर बरं झालं असतं. त्यात माया होती. त्यांनी बेल वाजवून चहा सांगितला, स्वतः उठून तिच्यासाठी खुर्ची ओढली आणि म्हणाले, ‘‘नाही धरणार. बसा. इतकी वर्षं मी घरी म्हणत होतो, बाई हुशार आहे पण धंदा कळत नाही. आज बोललात बघा तुम्ही धंदेवाल्या माणसासारखं.’’

चहा आला. तो तिनं प्यायला नाही. साय धरेपर्यंत ती त्याच्याकडे बघत बसली, आणि मालक तिला नव्या जाहिरातीतले रंग दाखवत राहिले.